अरण्यात हरवलेले कर्नल : पर्सी फॉसेट

शाळेची सहल निघते तेव्हा बसमध्ये बसल्याबरोबर बाई आधी डोकी मोजतात. किल्ला पाहून किंवा धबधब्यावरून परत येताना पुन्हा मोजतात. एखादे डोके कमी भरले की सगळ्यांचे चेहरे उतरतात. पाण्याची बाटली विसरलेला तो मुलगा पाच मिनिटांत धावत येतो आणि मग सगळे हसतात. पण त्या पाच मिनिटांत बाईंच्या मनात काय काय येऊन जाते, ते त्यांनाच ठाऊक.

आज ज्यांचे चरित्र सांगायचे आहे, त्यांच्या बाबतीत ती पाच मिनिटे संपलीच नाहीत. १९२५ साली तीन माणसे ब्राझीलच्या अरण्यात शिरली आणि परत आली नाहीत. त्यांचे काय झाले असावे, यावर शंभर वर्षे तर्क चालू आहेत. त्या तिघांचे म्होरके होते लेफ्टनंट कर्नल पर्सी हॅरिसन फॉसेट.

बालपण आणि सिलोनमधील दिवस

फॉसेट यांचा जन्म १८ ऑगस्ट १८६७ रोजी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. त्यांच्या वडिलांचा जन्म हिंदुस्थानातला. ते रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सभासद होते. पण घरची मालमत्ता त्यांनी उधळून टाकली. त्यामुळे लहानपणी पर्सीच्या वाट्याला घरचे सुख फारसे आले नाही. थोरला भाऊ एडवर्ड डग्लस पुढे लेखक झाला. पर्सीला मात्र वूलिचच्या लष्करी अकादमीत घालण्यात आले. १८८६ साली तोफखान्यात अधिकारी म्हणून नेमणूक होऊन ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, त्रिंकोमाली येथे दाखल झाले.

छावणीतले आयुष्य त्यांना कधीच मानवले नाही. सुट्टी मिळाली की ते रानात निघत. वेलींनी वेढलेले दगडी खांब, मातीत बुडालेल्या पायऱ्या, पडक्या वास्तू हे सर्व पाहून त्यांच्या मनात एक विचार घर करून बसला : एवढी मोठी नगरे जर जंगलाने गिळली असतील, तर जगात आणखी कुठे कुठे काय झाकलेले असेल? पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज इथे पडले. सिलोनमध्येच त्यांची नीना पॅटरसन यांच्याशी ओळख झाली. १९०१ मध्ये दोघांचा विवाह झाला. जॅक, ब्रायन आणि जोन अशी त्यांना तीन अपत्ये झाली.

याच सुमारास फॉसेट यांनी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत एडवर्ड रीव्ह्ज यांच्या हाताखाली भूमापनाचे शिक्षण घेतले. थिओडोलाइट लावून कोन मोजणे, सूर्य-ताऱ्यांवरून आपण पृथ्वीवर कोठे आहोत हे ठरवणे, आणि ज्या जागेचा नकाशाच नाही तिचा नकाशा तयार करणे ही ती विद्या. आज आपल्या खिशातला मोबाइल ते काम क्षणात करतो. त्या काळी त्यासाठी स्वच्छ आकाश, बिनचूक घड्याळ आणि बरीच आकडेमोड लागत असे.

दक्षिण अमेरिकेचे बोलावणे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायकली आणि मोटारी वाढल्या आणि त्यांच्या चाकांसाठी रबराला मोठी मागणी आली. रबराची झाडे होती ॲमेझॉनच्या जंगलात. ज्या रानाकडे तोवर कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्याच्या इंचाइंचासाठी बोलिव्हिया आणि ब्राझील भांडू लागले. सीमा नेमकी कोठून जाते हे सांगायला तिऱ्हाईत हवा होता. १९०६ साली हे काम रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीमार्फत फॉसेट यांच्याकडे आले. तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

नद्यांच्या काठाने, खांद्यावर ओझी घेऊन, डास, जळवा, मुंग्या आणि हिवताप यांच्याशी झगडत त्यांनी ते काम ठरलेल्या मुदतीच्या आधीच पुरे केले. बरोबरची माणसे तापाने फणफणत, त्यांच्या जखमा चिघळत. फॉसेट मात्र ठणठणीत राहत. ही प्रकृती त्यांना मिळालेले वरदान होते आणि पुढे तोच त्यांचा शापही ठरला. स्वतःला थकवा येत नसल्यामुळे दुसऱ्याचा थकवा त्यांना आळस वाटे.

१९११ च्या मोहिमेत जेम्स मरे हे जीवशास्त्रज्ञ त्यांच्या सोबत होते. ते शॅकल्टन यांच्याबरोबर दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आलेले होते. पण ॲमेझॉनच्या दमट हवेत ते पार खचले. फॉसेट यांनी त्यांना मागे ठेवून पुढचा रस्ता धरला. मरे कसेबसे वाचले आणि पुढे लंडनमध्ये या प्रकरणावरून मोठा वाद झाला. हेच मरे १९१४ मध्ये उत्तर ध्रुव प्रदेशातल्या एका मोहिमेत बर्फावरून चालत निघाले आणि सोबत्यांसह कायमचे बेपत्ता झाले.

फॉसेट यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रबराच्या ठेकेदारांनी तिथल्या आदिवासींना गुलाम करून त्यांचा छळ मांडला होता. फॉसेट यांनी त्याचा उघड धिक्कार केला. आदिवासींवर बंदूक रोखायची नाही, असा त्यांचा आपल्या माणसांना दंडक होता. १९१० मध्ये हीथ नदीवर त्यांच्या नावांवर बाणांचा वर्षाव झाला. फॉसेट यांनी गोळीबार करू दिला नाही. त्याऐवजी एका सोबत्याला ॲकॉर्डियन वाजवायला बसवले आणि बाकीच्यांना गायला लावले! बाण थांबल्यावर ते स्वतः हातात रुमाल हलवीत, निःशस्त्र, त्या लोकांकडे गेले. थोड्याच वेळात दोन्ही बाजूंची मैत्री झाली. तरीही त्यांचे सगळेच विचार आजच्या काळात पटण्यासारखे नव्हते. गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाची त्या काळची समजूत त्यांच्याही मनात होती. जंगलातल्या प्राचीन नगरांचे निर्माते बाहेरून आलेले कोणी गोरे लोक असतील, असे त्यांना वाटे. माणूस एका बाबतीत आपल्या काळाच्या पुढे आणि दुसऱ्या बाबतीत मागे असू शकतो, हे अशा चरित्रांतून कळते.

त्यांच्या सांगण्यात अतिशयोक्तीही असे. १९०७ मध्ये आपण बासष्ट फूट लांबीचा ॲनाकोंडा मारला, असे त्यांनी सांगितले आणि लंडनच्या विद्वानांनी त्यांची थट्टा केली. एवढा मोठा साप आजवर कोणालाही सिद्ध करता आलेला नाही.

'झेड' नावाचे नगर

पहिल्या महायुद्धात वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी फॉसेट पुन्हा सैन्यात रुजू झाले आणि फ्रान्समधल्या आघाडीवर तोफखान्यात लढले. १९१६ साली सोसायटीने दक्षिण अमेरिकेतील कामगिरीबद्दल त्यांना आपले मानाचे फाउंडर्स सुवर्णपदक दिले. पण त्यांचे मन आता सीमा आखण्यात नव्हते. ब्राझीलच्या मातो ग्रोसो प्रांतातील रानात एक प्राचीन नगर दडले आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. त्या नगराला त्यांनी 'झेड' असे साधे नाव दिले होते.

ही खात्री कशावरून? काही कारणे विचार करण्यासारखी होती. जंगलातल्या उंचवट्यांवर त्यांना जुन्या भांड्यांची खापरे सापडली होती. सोळाव्या शतकात ॲमेझॉन नदीतून गेलेल्या स्पॅनिश लोकांनी काठावर मोठमोठ्या वस्त्या पाहिल्याचे लिहून ठेवले होते. रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १७५३ सालचे एक पोर्तुगीज हस्तलिखित होते. त्यात दगडी कमानी आणि पुतळे असलेल्या एका ओसाड नगराचे वर्णन होते. शिवाय १९११ मध्ये हायराम बिंगहॅम यांनी पेरूच्या डोंगरांतील माचू पिचू जगापुढे आणले होते. म्हणजे अशी नगरे असू शकतात, हे दिसून आले होते.

पण काही कारणे डळमळीत होती. कादंबरीकार रायडर हॅगार्ड यांनी फॉसेट यांना काळ्या दगडाची, सुमारे दहा इंचांची एक मूर्ती भेट दिली होती. वस्तू हातात धरून तिचा इतिहास सांगतो, असे म्हणणाऱ्या एका माणसाकडे त्यांनी ती नेली. समुद्रात बुडालेल्या अटलांटिसशी तिचा संबंध आहे, असे त्याने सांगितले आणि फॉसेट यांचा त्यावर विश्वास बसला. अक्षांश-रेखांशाच्या बाबतीत एका अंशाचीही चूक खपवून न घेणारा माणूस इथे मात्र पुरावा मागायचे विसरला. आपल्याला जे खरे व्हावेसे वाटते, त्याची तपासणी अधिक कसून करावी लागते. फॉसेट यांच्या हातून नेमके तेच राहून गेले.

१९२० ची त्यांची मोहीम अर्ध्यावर फसली. ज्या ठिकाणी त्यांचा घोडा मेला, तिथूनच त्यांना परतावे लागले. त्या जागेला त्यांनी 'मेलेल्या घोड्याचा तळ' असेच नाव ठेवले.

शेवटचा प्रवास

१९२५ च्या मोहिमेसाठी सोसायटीने आणि अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या एका संघाने पैसा पुरवला. सोबत किती माणसे न्यायची, यावर फॉसेट यांचे मत ठाम होते. मोठा ताफा आदिवासींना आक्रमण वाटतो आणि मोठ्या ताफ्याला रानात पुरेसे अन्नही मिळत नाही. म्हणून जातील ते तिघेच : ते स्वतः, थोरला मुलगा जॅक आणि जॅकचा बालमित्र रॅली रिमेल. फॉसेट यांचे वय सत्तावन्न. जॅक उंच, व्यायामाने कसलेला, वडिलांवर जिवापाड श्रद्धा असलेला. दोन्ही मुलांना या रानाचा अनुभव मात्र मुळीच नव्हता.

२० एप्रिल १९२५ रोजी कुयाबा गावातून ते निघाले. बरोबर दोन ब्राझिलियन गडी, दोन घोडे, आठ खेचरे आणि दोन कुत्री होती. १९ मे रोजी प्रवासातच जॅकला बावीस वर्षे पूर्ण झाली. तोवर रिमेलच्या पायाला कीटकांच्या चाव्यांनी जखमा होऊन तो सुजला होता आणि त्याचा उत्साह मावळत चालला होता. परत फिरण्याचा विचार वडीलधाऱ्या माणसाने त्याला सुचवला. पण मित्राला सोडून जाणे त्याला पटले नाही.

२९ मे रोजी 'मेलेल्या घोड्याच्या तळा'वरून फॉसेट यांनी गड्यांना माघारी धाडले. त्यांच्याबरोबर पत्रे दिली. नीनाबाईंना लिहिलेले पत्र धीर देणारे होते. यापुढे तिघे पायी जाणार होते. पत्रे कुयाबाला पोहोचली, तिथून ती जगभरच्या वृत्तपत्रांत आली. त्यानंतर काहीच आले नाही. पत्र नाही, निरोप नाही, एखादी वस्तूही नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. आपल्यामागे कोणी शोध घ्यायला येऊ नये, असे फॉसेट यांनी बजावून ठेवले होते. आणि दुसरा कोणी आपल्या आधी 'झेड'ला पोहोचेल या भीतीने त्यांनी आपला खरा मार्ग लपवून ठेवला होता. त्यांनी जाहीर केलेले तळाचे अक्षांश-रेखांश दिशाभूल करणारे होते, असे पुढे अभ्यासकांना आढळले. त्यामुळे शोधायला गेलेल्यांपैकी कित्येक जण मुळात भलत्याच जागी शोधत राहिले.

तर्कांचे जंगल

१९२७ च्या आरंभी सोसायटीने हे तिघे हरवल्याचे मानले. १९२८ मध्ये जॉर्ज डायॉट यांची शोधमोहीम गेली. एका आदिवासी मुखियाच्या मुलाच्या गळ्यात त्यांना एक पितळी पट्टी दिसली. तिच्यावर प्रवासी सामान विकणाऱ्या लंडनच्या एका दुकानाचे नाव होते आणि ती फॉसेट यांच्याच पेटीची निघाली. डायॉट यांनी तिघांची हत्या झाल्याचा निष्कर्ष काढला. पण फॉसेट कुटुंबाचे म्हणणे असे की ती पेटी १९२० च्या मोहिमेतच मागे राहिली होती. म्हणजे पट्टी खरी होती, तरी तिच्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नव्हता.

१९३२ मध्ये स्टीफन रॅटिन नावाचा एक स्विस शिकारी पुढे आला. जंगलात कैदेत असलेला एक म्हातारा गोरा माणूस आपण पाहिला, असे त्याने सांगितले. त्याला सोडवायला तो परत गेला आणि स्वतःच नाहीसा झाला. त्याच वर्षी गेलेले पीटर फ्लेमिंग मात्र सुखरूप परतले आणि त्यांनी आपल्या फजितीवर एक गाजलेले पुस्तक लिहिले. शोधाला गेलेले शंभर लोक मेले, असे बऱ्याच ठिकाणी छापून येते. प्रत्यक्षात नावानिशी दाखवता येतील अशी माणसे फार थोडी आहेत. आकडा एकाने लिहिला की दुसरा तोच उचलतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

फॉसेट यांच्याबद्दलचे मुख्य तर्क असे आहेत.

पहिला तर्क : एखाद्या टोळीने त्यांना मारले. बाहेरच्या माणसांकडून छळ सोसलेल्या लोकांच्या प्रदेशात, परवानगी न घेता, तीन अनोळखी माणसे शिरली. असे घडणे शक्य होते.

दुसरा तर्क : उपासमार, ताप किंवा जखमा. रिमेलचा पाय आधीच सुजलेला, अन्न थोडके, ओझे पाठीवर. तिघांतला एक आजारी पडला तर त्याला उचलायला उरतात दोघेच आणि दुसराही पडला तर सगळेच संपले.

तिसरा तर्क : लुटारूंनी किंवा बंड करून रानात फिरणाऱ्या सैनिकांनी घात केला. त्या वर्षांत ब्राझीलमध्ये लष्करी बंडाळी चालू होती, हे खरे आहे.

चौथा तर्क : त्यांना परत यायचेच नव्हते, ते आदिवासींमध्ये राहिले किंवा त्यांनी जंगलात एक आध्यात्मिक वसाहत काढली. जंगलात दिसलेला गोऱ्या कातडीचा एक मुलगा जॅकचाच, अशीही बातमी एकदा झळकली. तो दुलिपे नावाचा मुलगा जन्मतःच त्वचेत रंगद्रव्य नसलेला आदिवासी मुलगा होता, हे नंतर कळले.

पाचवा तर्क भुयारी नगरे आणि अदृश्य दारे यांचा. त्याच्या बाजूने एकही पुरावा नाही. तो केवळ सांगायला गोड आहे.

सांगाडा कोणाचा?

सर्वांत मोठी खळबळ १९५१ मध्ये उडाली. शिंगू नदीच्या खोऱ्यात आदिवासींमध्ये राहून त्यांच्या हक्कांसाठी काम करणारे ओर्लांदो व्हिलास-बोआस यांनी जाहीर केले की कालापालो जमातीच्या लोकांनी फॉसेट यांना मारल्याचे सांगितले असून त्यांची हाडेही दाखवली आहेत. हाडे लंडनला गेली. तज्ज्ञांनी तपासली. ती फॉसेट यांच्यापेक्षा बऱ्याच बुटक्या माणसाची निघाली. फॉसेट सहा फुटांहून उंच होते. कोडे सुटले म्हणून ज्यांनी बातम्या छापल्या होत्या, त्यांनी हा निकाल तेवढ्या ठळकपणे छापला नाही.

कालापालोंवरचा आरोप मात्र चिकटून राहिला. ज्यांना स्वतःची बाजू छापायला वर्तमानपत्र नव्हते, अशा लोकांवर पन्नास वर्षे खुनाचा शिक्का बसला. १९५४ मध्ये गोवराची साथ शिंगू खोऱ्यात शिरली आणि तिथली पुष्कळ माणसे दगावली. हरवलेल्या तीन गोऱ्या माणसांवर पुस्तकेच्या पुस्तके निघाली; या माणसांची नावे कोणी छापली नाहीत.

२००५ साली डेव्हिड ग्रॅन हे अमेरिकन पत्रकार कालापालोंच्या गावात गेले. तिथे वडीलधाऱ्यांकडून पुढच्या पिढीकडे आलेली हकिकत त्यांनी ऐकली. ती अशी : तिघे गोरे आमच्या गावी आले, राहिले. दोघे तरुण थकलेले होते, एक जण लंगडत होता. म्हाताऱ्याला पूर्वेकडे जायचे होते. तिकडचे लोक कडवे आहेत, जाऊ नका, असे आमच्या वाडवडिलांनी सांगितले. त्यांनी ऐकले नाही. पाच दिवस रोज संध्याकाळी त्यांच्या शेकोटीचा धूर झाडांवर दिसत होता. त्यानंतर धूर दिसला नाही. आणि ती हाडे? ती त्यांच्याच एका मुखियाच्या आजोबांची होती.

ही हकिकत म्हणजे अंतिम पुरावा नव्हे. तोंडी आलेल्या गोष्टीत काळाबरोबर भर पडते आणि गळतीही होते. पण ती त्या प्रदेशाशी, त्या ऋतूशी आणि रिमेलच्या पायाशी जुळते. शिवाय जे तिथे होते त्यांच्याच घरातून ती आली आहे. इतकी वर्षे जगभरच्या लोकांनी तर्क केले. घरमालकांना नीट विचारले फार उशिरा.

तिघांचे काहीच कसे सापडले नाही, असे पुष्कळांना आश्चर्य वाटते. परंतु वर्षावनात हे नवल नाही. उष्ण दमट हवा, मुंग्या, वाळवी, मांसभक्षक प्राणी आणि आम्लधर्मी माती यांच्यामुळे मृतदेह फार लवकर नाहीसा होतो. हाडेही टिकत नाहीत. दरवर्षी नद्या फुगतात, पाणी रानात पसरते आणि हलक्या वस्तू वाहून जातात. आजचे शिंगू आदिवासी उद्यानच सुमारे २६ हजार चौरस किलोमीटरचे आहे. त्यात ज्यांच्याकडे बिनतारी यंत्र नाही, ज्यांचा मार्ग कोणाला ठाऊक नाही, अशी तीन माणसे शोधायची म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखेच. बेपत्ता होण्यामागे गूढ असावे लागत नाही. विस्तीर्ण रान, छोटासा अपघात आणि चुकीचा पत्ता एवढे पुरते.

वाट पाहणारी माणसे

नीनाबाईंनी आशा सोडली नाही. आपले माणूस जिवंत आहे, असे त्या वर्षानुवर्षे सांगत राहिल्या. प्रत्येक नव्या बातमीने त्यांची आशा पालवे आणि मग पुन्हा कोमेजून जाई. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले. धाकटा मुलगा ब्रायन पेरूमध्ये रेल्वेत नोकरीला होता. त्याने वडिलांची टिपणे आणि पत्रे जुळवून १९५३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे त्याने विमानातून स्वतः पाहणी केली. प्राचीन नगराचे अवशेष म्हणून सांगितले जाणारे आकार म्हणजे वाऱ्या-पावसाने झिजलेले वालुकाश्म आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. ज्या स्वप्नापायी वडील आणि भाऊ गेले, ते स्वप्न तपासून पाहण्याचे धैर्य या मुलाने दाखवले. रॅली रिमेलच्या आईचाही विचार मनात येतो. तिचा मुलगा तर केवळ मित्राची साथ द्यायला गेला होता.

मग 'झेड' नव्हतेच का? इथे कथेला एक विलक्षण वळण मिळते. दगडी कमानींचे, अटलांटिसच्या वारशाचे नगर काही सापडले नाही. पण पुरातत्त्वज्ञ मायकेल हेकनबर्गर यांनी शिंगू खोऱ्यात, तिथल्याच कुइकुरो लोकांच्या मदतीने, जुन्या वस्त्यांचा शोध लावला. खंदक, रुंद सरळ रस्ते, मोठी मैदाने, पूल, शेतांची रचना असे सर्व काही तिथे होते. २००३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यातील कुहिकुगु हे ठिकाण विशेष प्रसिद्ध आहे. या वस्त्या साधारण तेराव्या ते सतराव्या शतकातल्या. बांधकाम दगडाचे नव्हते, लाकूड आणि मातीचे होते. म्हणून ते नजरेत भरत नव्हते. युरोपीय लोकांबरोबर आलेल्या रोगांनी माणसे मेली आणि रानाने गावे झाकली. २०२२ मध्ये बोलिव्हियात आणि २०२४ मध्ये इक्वेडोरमध्ये विमानातून लेझर किरण सोडून केलेल्या पाहणीतही अशा मोठ्या वस्त्यांची माहिती पुढे आली.

म्हणजे जंगलात दाट लोकवस्ती होती, हे फॉसेट यांचे म्हणणे बरोबर निघाले आणि ती बाहेरून आलेल्या गोऱ्यांनी वसवली असेल, हे चूक निघाले. ती वसवणारे लोक म्हणजे ज्यांच्या अंगणात फॉसेट शेवटची वस्ती करून गेले, त्यांचेच पूर्वज. ज्या संस्कृतीच्या शोधात ते पुढे पुढे जात होते, तिच्या वारसांनीच त्यांना पुढे जाऊ नका म्हणून सांगितले होते.

विद्यार्थी मित्रांनो, फॉसेट यांच्या धाडसाचे कौतुक जरूर करा. नकाशावरची कोरी जागा भरून काढण्याची जिद्द असलेली माणसे हवीतच. पण त्यांच्या चरित्रातून आणखी काही घेण्यासारखे आहे. डोंगरात किंवा रानात जाताना आपण कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे घरी खरे खरे सांगून जावे. तिथल्या माणसाने एखादी वाट नको म्हटले, तर ते ऐकावे. सोबतचा जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीने सर्वांनी चालावे. आणि एखादी गूढ गोष्ट ऐकली की कोण सांगतो, त्याने स्वतः काय पाहिले आणि काय नुसते ऐकले, हे विचारावे. पुरावा नसताना कोणाच्याही माथी दोष मारू नये.

पालकांनाही एक विनंती. मुलांना साहसापासून अडवू नका. त्यांना रान दाखवा, तारे ओळखायला शिकवा, नकाशा वाचायला शिकवा. फक्त परत येणे हासुद्धा साहसाचाच भाग असतो, हे त्यांना लहानपणीच सांगा. पुढच्या सहलीत बाई दुसऱ्यांदा डोकी मोजू लागल्या की कुरकुर न करता हात वर करा. त्या पाच दिवसांच्या धुरानंतर नीनाबाई एकोणतीस वर्षे वाट पाहत राहिल्या होत्या.